सॅन डिएगोचा कोरोनाडो पूल: इतका उंच कशाला आणि वाकडा कशाला?

पौडफाट्याचा_पथिक (धागाकर्ता)

मंडळी, मुलीकडे सॅन डिएगोला आलो आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे. इथल्या बंदराच्या खाडीवर एक पूल आहे आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही.

पूल सॅन डिएगो शहराला कोरोनाडो या गावाशी जोडतो. कोरोनाडो लांबून बेट वाटतं, पण बेट नाही. दक्षिणेकडे वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिने ते मुख्य जमिनीला चिकटलेलं आहे. त्या पट्टीवरून यायचं तर अख्ख्या खाडीला वळसा पडतो. पूर्वी लोक फेरीबोटीने ये-जा करत, गाड्याही बोटीत चढवत. ३ ऑगस्ट १९६९ ला पूल सुरू झाला आणि गाड्यांची फेरी बंद पडली.

लांबी साधारण ३.४ किलोमीटर. मधोमध पाण्यापासून मोकळी उंची जवळजवळ ६१ मीटर. गाडी चढायला लागते तेव्हा समोर नुसतं आकाश दिसतं, पलीकडचा उतार दिसतच नाही. सौ. डोळे मिटून घेते.

पण माझा खरा प्रश्न वळणाचा. पूल सरळ पलीकडे जात नाही. खाडीवर आल्यावर एक भलंमोठं वळण घेतो, जवळजवळ काटकोनात, आणि मग कोरोनाडोत उतरतो. पाण्यावर ना कुणाची जमीन, ना कुणाचं देऊळ, ना कुणाचा स्टे. मग वाकडं जायचं कारण काय? जावईबापूंचं म्हणणं, "बाबा, दिसायला छान म्हणून." सरकारी पैशाने कुणी छान दिसायला अर्धा-पाऊण किलोमीटर जास्तीचा पूल बांधेल, हे माझ्या पुणेरी बुद्धीला पटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सदाशिव_पेठी

काका, वाकडा पूल बघायला तिकडे कशाला जायला हवं होतं? आमच्याकडे आधी पूल बांधतात आणि मग तो कुठे उतरवायचा यावर बैठक घेतात.

बाकी धागा छान. वाचतोय.

---

गर्डरवाला

पथिककाका, जावईबापूंचं पूर्ण चुकलेलं नाही, पण मुख्य कारण दुसरं आहे. वळणाचं उत्तर उंचीत आहे आणि उंचीचं उत्तर पुलाखालून काय जातं त्यात.

सॅन डिएगो हे अमेरिकी नौदलाचं मोठं ठाणं. त्यांच्या युद्धनौकांचा एक मोठा तळ पुलाच्या आतल्या अंगाला, म्हणजे खाडीच्या दक्षिण भागात आहे. समुद्रातून तिथे पोचायचं तर पुलाखालूनच जावं लागतं. म्हणजे जहाजाची डोलकाठी, रडारचा मनोरा, सगळं खालून निघालं पाहिजे. म्हणून ६१ मीटर.

आता गणित करा. पुलाचा चढ ४.६७ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की ४.६७ मीटर वर. या हिशोबाने ६१ मीटर चढायला सुमारे १३०० मीटर लागतात. उतरायला तितकेच. झाले २६०० मीटर, आणि माथ्यावरचा गोलवा, दोन्हीकडे रस्त्याला मिळायची जागा हे वेगळंच. सरळ रेषेत गेलात तर एवढी लांबी मिळत नाही. मग दोनच मार्ग उरतात. एक तर चढ इतका तीव्र करा की ट्रक धापा टाकतील, नाहीतर लांबी वाढवा. त्यांनी वळण घालून लांबी वाढवली.

बोरघाटात रस्ता वळणं का घेतो? खंडाळा डोक्यावर दिसत असतं, पण सरळ चढवला तर गाडी चढणार नाही म्हणून. इथे डोंगर नाही इतकंच.

---

पौडफाट्याचा_पथिक

गर्डरवाला, दंडवत! आज जेवताना जावयाला ४.६७ टक्के ऐकवतो.

उपप्रश्न: विमानवाहू नौकाही याच्या खालून जातात का? इथे धक्क्यावर एक उभी दिसते. तिचा अवतार बघता ६१ मीटरही पुरेल असं वाटत नाही.

---

माजी_नौसैनिक_खडकी

विमानवाहू नौकांना पुलाखालून जावंच लागत नाही. त्यांचे धक्के नॉर्थ आयलंडच्या नौदल हवाई तळावर आहेत आणि तो तळ पुलाच्या अलीकडे, समुद्राच्या तोंडाकडच्या बाजूला आहे. पुलाच्या आतल्या तळावर विनाशिका आणि इतर युद्धनौका असतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी सेवेत असलेल्या माणसाला लगेच कळते. पुलाची कल्पना फार जुनी होती आणि नौदलाचा तिला दीर्घकाळ विरोध होता. भीती अशी की बंदराच्या तोंडाशी पूल बांधला आणि उद्या भूकंपाने किंवा हल्ल्यात तो पाण्यात कोसळला, तर आतली सगळी जहाजं आत अडकून पडतील. लढाईच्या वेळी आरमार आपल्याच बंदरात कैद.

ही भीती फाजील वाटत असेल तर बाल्टिमोर आठवा. मार्च २०२४ मध्ये 'डाली' नावाच्या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. काही सेकंदांत पूल खाली. वर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते आणि ते पुढे कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून होते. बंदराची वाट पूर्ण मोकळी व्हायला जून उजाडला.

---

सदाशिव_पेठी

मग उघडमीट होणारा पूल का नाही बांधला? आपल्या नव्या पांबन पुलाचा मधला भाग वर उचलला जातो. जहाज आलं की उचला, गेलं की ठेवा. उंची नको, वळण नको.

---

गर्डरवाला

पांबन रेल्वेचा आहे. गाड्या वेळापत्रकाने येतात, मधल्या वेळात पूल उचलता येतो. रस्त्यावर हे सकाळी साडेआठला करून बघा. नौदलाची नौका निघाली म्हणून पूल उचललाय आणि मागे नौदलाचेच हजारो कर्मचारी गाडीत बसून हॉर्न वाजवतायत.

ही गर्दी खरीच आहे. पुलावर पाच मार्गिका आहेत. विषम संख्या मुद्दाम. सकाळी कोरोनाडोकडे जाणाऱ्यांना तीन, संध्याकाळी शहराकडे परतणाऱ्यांना तीन. मधला काँक्रीटचा दुभाजक रोज जागा बदलतो. एक लांबुडकं यंत्र त्या ठोकळ्यांच्या माळेवरून चालत जातं, एका बाजूने ठोकळे उचलतं आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या मार्गिकेवर ठेवत जातं. लोक त्याला 'झिपर' म्हणतात.

---

चांदणीचौक_पीडित

हे झिपर यंत्र चांदणी चौकात आणून सोडा. आमच्याकडे दुभाजक रोज जागा बदलतोच, फक्त कुणी सांगत नाही.

---

गर्डरवाला

😀

बरं, ज्यांना बांधकामात रस आहे त्यांच्यासाठी थोडं लांबण लावतो. बाकीच्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

या पुलाचा मधला, सर्वांत उंच भाग पोलादी पेटी-गर्डरचा आहे. जुन्या पुलांना खालून बघितलं की तुळया, कैच्या, आडवे-तिरके दांडे यांचं जंजाळ दिसतं. इथे ते सगळं पेटीच्या आत आहे. बाहेरून नुसता गुळगुळीत निळा पट्टा. मधले मोठे गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, सुमारे २०० मीटरचे आहेत आणि पेटी त्यांच्यावरून अखंड गेलेली आहे. त्या काळी अशा प्रकारात जगात सर्वांत लांब म्हणून त्याचं नाव झालं होतं.

रस्ता ज्यावर आहे तो पत्राही कामाचा आहे. त्याला ऑर्थोट्रॉपिक डेक म्हणतात. नेहमीच्या पुलात गर्डर वेगळा आणि वरचा काँक्रीटचा जाड स्लॅब वेगळा. इथे वर पोलादी पत्रा आणि त्याला खालून लांबीच्या दिशेने थोड्याथोड्या अंतरावर पट्ट्या जोडलेल्या. छपराचा पन्हाळी पत्रा साध्या पत्र्यापेक्षा ताठ का राहतो, तेच तत्त्व. त्यावर डांबराचा पातळ थर. फायदा असा की पत्रा नुसता ओझं होत नाही, गर्डरचाच भाग बनून भार उचलतो. वजन कमी, म्हणून गाळा लांब, म्हणून पाण्यात खांब कमी, म्हणून जहाजांना वाट मोकळी. तोटा: वेल्डिंगचं काम अफाट आणि सांध्यांना थकवा येऊन भेगा पडतात का ते सतत बघत राहावं लागतं.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे हेच तंत्र पहिल्यांदा आलं ते शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूत. तिथे सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे.

---

मुळशीची_मैना

अटल सेतू म्हणजे पणजीचा ना? मांडवीवरचा? आम्ही गेलो होतो, त्याला तारा आहेत.

---

सदाशिव_पेठी

ताई, अटल सेतू दोन आहेत. एक गोव्यात, २०१९ चा, तारांचा. एक मुंबईत, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला, २१.८ किलोमीटरचा. देशात पुलांची संख्या वाढतेय त्या वेगाने नावं वाढत नाहीयेत.

---

शिवनेरीचा_प्रवासी

मुंबईच्या अटल सेतूवरून पुणेकरांना बोलायचा हक्क आहे. दादर-मंत्रालयाची शिवनेरी फेब्रुवारी २०२४ पासून त्यावरून न्यायला सुरुवात झाली. पनवेल-वाशी-चेंबूरचं ट्रॅफिक चुकतं हे खरं. पण पुलावर इतका वेळ आणि दिसत काय? ट्रॉम्बेच्या बाजूला उंच पडदे लावलेत, अणुसंशोधन केंद्र दिसू नये म्हणून. शिवडीकडे फ्लेमिंगोंना त्रास नको म्हणून आवाज अडवणाऱ्या भिंती. त्यांना नावं ठेवत नाही, फ्लेमिंगोंचा हक्क आधीचा. पण खिडकीजवळची सीट पकडून उपयोग नाही.

गर्डरवाला, आपला सेतू कोरोनाडोसारखा उंच का नाही?

---

गर्डरवाला

कारण त्याच्याखालून तशी जहाजं जात नाहीत. न्हावाशेवा बंदराचे धक्के सेतूच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला आहेत. नौदलाची गोदी तर कुलाब्याकडे. मोठी कंटेनर जहाजं सेतूपर्यंत येतच नाहीत. जिथे नौकानयनाची वाट आहे तिथे लांब पोलादी गाळे दिलेत, बाकी ठिकाणी साधे काँक्रीटचे. पुलाची उंची वरून जाणारे ठरवत नाहीत हो, खालून जाणारे ठरवतात.

कोरोनाडोचा कठडा मात्र मुद्दाम बुटका ठेवला होता, जेमतेम ८६ सेंटिमीटर. गाडीत बसलेल्याला खाडी दिसावी म्हणून. वास्तुविशारद रॉबर्ट मोशर. खांबांना जी कमानीची रेघ आहे ती तिथल्या जुन्या स्पॅनिश मिशन इमारतींवरून घेतलेली. तेव्हा 'दिसायला छान' हा मुद्दा जावईबापूंच्या खात्यात थोडा जमा करा.

---

विश्रांतवाडीची_वीणा

सगळा धागा पुलाच्या वरून चाललाय. "खालून जाणारे ठरवतात" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

पाण्यावरच्या भागाखालून युद्धनौका जातात, त्यांचा विचार सेंटिमीटरपर्यंत झाला. जमिनीवरच्या भागाखाली काय होतं? बॅरिओ लोगान. मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती, गोदीत आणि माशांच्या कारखान्यात कामाला जाणारे लोक. १९६३ च्या सुमारास आधी आंतरराज्य महामार्ग ५ ने ती वस्ती मधोमध चिरली. मग १९६९ मध्ये पुलाचे उतार तिथेच उतरवले. घरं गेली, शेजार गेले, आणि उरलेल्यांच्या अंगणात काँक्रीटचे खांब उभे राहिले.

लोकांनी एकच मागितलं होतं, खांबांखालच्या जागेत बाग. आश्वासनही मिळालं होतं. आणि २२ एप्रिल १९७० ला त्या जागेवर बुलडोझर आला. चौकशी केल्यावर कळलं की तिथे महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार आहे.

मग वस्ती उठली. शाळकरी मुलं, बायका, म्हातारे, सगळे बुलडोझरसमोर उभे राहिले. मानवी साखळी केली, जमीन खणून निवडुंग आणि झाडं लावायला सुरुवात केली. बारा दिवस जागा सोडली नाही. शेवटी सरकार नमलं. ती जागा आज चिकानो पार्क म्हणून ओळखली जाते. चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक.

१९७३ पासून खांबांवर चित्रं रंगवायला लागले. साल्वादोर तोरेस हा त्याच वस्तीतला चित्रकार, खांब ही मोठी चित्रफलकं आहेत ही त्याची कल्पना. अझ्टेक देवता, शेतमजुरांचे लढे, मेक्सिकन क्रांतिकारक सापाताचा चेहरा, गोदी कामगार. २०१६ मध्ये त्या बागेला अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बागेत मेळा भरला होता तेव्हा पुलाच्या उतारावरून एक पिकअप ट्रक कठडा ओलांडून खाली कोसळला. खाली जमलेल्यांपैकी चार जण गेले. तुमचा तो बुटका कठडा गाडीत बसलेल्यांसाठी चांगला असेल.

---

गर्डरवाला

वीणाताई, मान्य. आमच्या अभ्यासक्रमात या पुलाचा पेटी-गर्डर होता. बॅरिओ लोगान नव्हतं.

---

चांदणीचौक_पीडित

ताई, आपल्याकडच्या उड्डाणपुलांखाली काय आहे ते लिहायला घेतलं तर वेगळा धागा लागेल. माझ्या घराजवळच्या पुलाखाली: जप्त केलेल्या दुचाकी, एक बंद पडलेलं कारंजं, निवडणुकीचे जुने फ्लेक्स आणि 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीखाली लावलेली वाहनं.

---

सदाशिव_पेठी

आणि चित्रं रंगवायला आपले पूल तेवढे टिकायला तर हवेत. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. चांदणी चौकातला २०२२ मध्ये स्फोटकांनी. तो तर एका फटक्यात पडलाही नाही, उरलेला सांगाडा यंत्रांनी काढावा लागला. चित्रकार बिचारा प्रायमर मारून होईपर्यंत निविदा निघायची.

---

विश्रांतवाडीची_वीणा

हसले. पण फरक सांगते. आपल्याकडेही काही खांबांवर रंगरंगोटी आहे, पण ती ठेका देऊन केलेली. स्वच्छतेचे संदेश, मोर, वारकरी. छान असतात. त्या पुलासाठी कोणाची घरं गेली ते मात्र कोणत्याच खांबावर नसतं. तिकडे रंग हातात घेणारे तिथेच राहणारे होते.

---

शिवनेरीचा_प्रवासी

ताईंचा मुद्दा पटला. पण मला टोलबद्दल कुणीच काही का विचारत नाही? पुण्याचा धागा आणि टोल नाही?

---

पौडफाट्याचा_पथिक

घ्या. इथे आता टोल नाही. सुरुवातीला ६० सेंट होता. कर्जरोख्यांचे पैसे १९८६ मध्ये फिटले. टोल बंद झाला २००२ मध्ये.

---

सदाशिव_पेठी

म्हणजे कर्ज फिटल्यावरही सोळा वर्षं! वा! अमेरिकेबद्दल उगाच न्यूनगंड बाळगून होतो. आज मोकळा झालो.

---

शिवनेरीचा_प्रवासी

अटल सेतू सुरू झाला तेव्हा कारला एका बाजूचे २५० लावले. शिवाय एक्स्प्रेस वेचा वेगळा. आणि दुचाकी, रिक्षा यांना बंदी. पुण्यातल्या अर्ध्या जनतेला तो पूल नाहीच.

---

माजी_नौसैनिक_खडकी

दुचाकीबंदी बरोबर आहे. उघड्या पाण्यावर आडवा वारा काय असतो ते ज्याने अनुभवलंय तो स्कूटर घेऊन वर जाणार नाही. पावसाळ्यात तर नकोच. कोरोनाडोवरही पायी आणि सायकलने जाता येत नाही. वर्षातून ठरावीक दिवशी धावण्याच्या आणि सायकलच्या कार्यक्रमासाठी तेवढा उघडतात.

---

मुळशीची_मैना

मला ते बागेचंच वाचून बरं वाटलं. पथिककाका, तुम्ही बाग पाहिलीत का? नुसताच पूल बघून आलात?

---

पौडफाट्याचा_पथिक

नाही पाहिली. पुलावरून जाताना ती खाली असते, गाडीतून दिसत नाही. वीणाताई, गाडीशिवाय जाता येईल का? मुलगी-जावई दिवसभर कामावर, आणि आम्हा दोघांना इथे गाडी चालवायची हिंमत नाही. सौ. म्हणते पुलावरून परत न्यायचं नाही, बाकी कुठेही येते.

---

विश्रांतवाडीची_वीणा

अगदी सहज. शहरातून ट्रॉलीची, म्हणजे तिथल्या रुळांवरच्या शहरी गाडीची, निळी लाइन पकडा, बॅरिओ लोगान स्टेशनवर उतरा. तिथून चालत. दिवसा जा, चित्रं निवांत बघता येतात. शेजारी मेक्सिकन खाण्याची ठिकाणं आहेत, काकूंना बीन्स आणि भाताचं शाकाहारी ताट मिळेल, फक्त डुकराची चरबी घातलेली नाही ना हे विचारून घ्या.

काकूंना पूल नको असेल तर कोरोनाडोला फेरीने जा. गाड्यांची बंद झाली तरी माणसांची १९८७ पासून पुन्हा सुरू आहे, ब्रॉडवेच्या धक्क्यावरून सुटते. ९०१ नंबरची बसही जाते, पण ती पुलावरून.

---

पौडफाट्याचा_पथिक

आभार ताई. सौ.ला वाचून दाखवलं. फेरी मंजूर, बस नामंजूर. बागेत जाऊन आलो की खांबांचे फोटो इथेच टाकतो.

---

सदाशिव_पेठी

फोटो टाका काका. आणि पुलाखाली कुणी स्कूटर लावलीय का तेही बघा.